मॅग्नेटाइटच्या खाणीत पैसे टाकायचेत? टनेज नंतर बघा, आधी विजेचा हिशेब मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका छोट्या लिस्टेड कंपनीच्या प्रेझेंटेशनमधे 2 अब्ज टन मॅग्नेटाइटचा (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) रिसोर्स, म्हणजे जमिनीतल्या साठ्याचा अंदाज दाखवलाय, 68 टक्के लोहाचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे सिलिका काढून टाकलेला माल बनेल म्हणतात, ग्रीन स्टीलमुळे, म्हणजे कोळशाशिवाय बनवलेल्या पोलादामुळे मागणी वाढणार म्हणतात, शेवटच्या स्लाइडवर व्हॅनेडियम (पोलादात घालायचा धातू) पण टाकलंय, आणि एवढं सगळं असून कंपनीची मार्केट कॅप फक्त 3 कोटी डॉलर, तर शेअर स्वस्तात मिळतोय का?

माझं काम मिनरल प्रोसेसिंगचं, म्हणजे लोहखनिजाचे प्लांट डिझाइन करणं, चालू करून देणं आणि नंतर बँकांसाठी असेच प्रोजेक्ट तपासणं, त्यामुळे मी शेअरच्या चार्टवरून नाही, प्लांटच्या बाजूने उत्तर देतो. स्वस्त नाहीये. मार्केटला ते 2 अब्ज टन दिसलेले आहेतच, आणि मार्केट त्याला जवळपास शून्य किंमत देतंय, आणि बऱ्याच वेळा ते बरोबरच असतं.

कारण मॅग्नेटाइट दुर्मिळ नाहीच मुळी. ऑस्ट्रेलिया, युक्रेन, रशिया, चीन, अमेरिका, सगळीकडे अब्जावधी टन पडून आहे. भारताच्याच सरकारी आकडेवारीत 10 अब्ज टनांहून जास्त मॅग्नेटाइट आहे आणि त्यातलं बहुतेक कर्नाटकात, पश्चिम घाटाच्या जंगलाखाली, ते कागदावर आहे आणि कागदावरच राहील असं मला वाटतं. म्हणजे टनेज हा आकडा गुंतवणूकदारासाठी जवळजवळ बिनकामाचा. वर्षाला 10 दशलक्ष टन कॉन्सन्ट्रेट काढणाऱ्या प्लांटला 30 वर्षांत साधारण 900 दशलक्ष टन ओर, म्हणजे खाणीतला कच्चा दगड लागतो, त्यापुढचे टन आज तुमच्या पैशाला काहीच किंमत आणत नाहीत. आणि त्या 2 अब्जांतले किती ‘इन्फर्ड’ आहेत ते पण बघा, इन्फर्ड म्हणजे लांब लांब मारलेल्या बोअरवरून बांधलेला अंदाज, त्यावर खाणीचा रिझर्व्ह जाहीर करता येत नाही.

आता मूळ मुद्दा. शुद्ध मॅग्नेटाइटमधे 72.4 टक्के लोह असतं, हेमॅटाइट या दुसऱ्या मोठ्या लोहखनिजात 70 च्या जरासं खाली, म्हणून सगळे म्हणतात मॅग्नेटाइट भारी. पण जमिनीतला दगड शुद्ध नसतो ना, बँडेड आयर्न फॉर्मेशनमधला (लोह आणि सिलिकाचे थर असलेल्या खडकातला) मॅग्नेटाइट दगड बहुतेक ठिकाणी 25 ते 35 टक्के लोहाचा असतो, बाकी सिलिका. चांगलं हेमॅटाइट 58 ते 62 टक्क्यांचं थेट जमिनीतून निघतं, फोडलं, चाळलं, जहाजात भरलं, विषय संपला. मॅग्नेटाइटला तसं करता येत नाही, ते दळावं लागतं, मग चुंबकाने ओढून घ्यावं लागतं, मग परत दळायचं, परत चुंबक, काही ठिकाणी शेवटी फ्लोटेशन, म्हणजे बुडबुड्यांवर तरंगवून वेगळं करणं. साधारण 3 टन ओर दळल्यावर 1 टन कॉन्सन्ट्रेट मिळतं. त्यावर स्ट्रिप रेशो, म्हणजे ओरपर्यंत पोचायला बाजूला टाकायचा दगड धरा, समजा ओरच्या टनामागे दीड टन वेस्ट, म्हणजे 1 टन माल विकायला साडेसात टन दगड हलवायचा, त्यातला 3 टन बारीक करायचा आणि 2 टन ओला गाळ आयुष्यभर सांभाळायचा.

आणि बारीक म्हणजे किती? कित्येक ऑस्ट्रेलियन ठेवींमधे मॅग्नेटाइटचे कण इतके लहान की सिलिकापासून सुटे करायला 30 मायक्रॉनच्या आसपास जावं लागतं, माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. दळण जितकं बारीक तितकी वीज सरळ रेषेत वाढत नाही, शेवटच्या टप्प्यात अंगावर येते. म्हणून माझ्या डोक्यात मॅग्नेटाइट प्रोजेक्ट म्हणजे वीज विकत घेऊन लोह विकायचा धंदा, खाण ही त्याची फक्त सप्लायर. ज्या देशात वीज महाग, गॅसची पाइपलाइन नाही, पाणी नाही, तिथे ग्रेड, म्हणजे लोहाची टक्केवारी, कितीही छान असली तरी उपयोग नाही.

तर प्रेझेंटेशनमधे 68 टक्के लिहिलेलं बघून खूश व्हायच्या आधी त्याच्या बाजूला दोन आकडे शोधा. एक, डेव्हिस ट्यूब रिकव्हरी, डीटीआर म्हणतात सगळे. मिनेसोटा विद्यापीठातल्या ई. डब्ल्यू. डेव्हिस यांनी टॅकोनाइटवर (तिथला कमी लोहाचा मॅग्नेटाइट दगड) काम करताना हे उपकरण बनवलं, दळलेला नमुना काचेच्या नळीत चुंबकात धरून धुतात आणि किती वजन चुंबकाला चिकटून राहिलं ते मोजतात. डीटीआर 35 असेल तर 100 टन ओरमागे 35 टन माल, 18 असेल तर 18 टनच, म्हणजे तेवढ्याच मालासाठी जवळपास दुप्पट दगड दळायचा. दुसरा आकडा म्हणजे ही टेस्ट किती मायक्रॉनला केली. लॅबमधे 25 मायक्रॉनला दळून 68 टक्के कोणीही काढून दाखवेल, प्लांटमधे 45 ला थांबलात तर 63 येईल आणि सिलिका दहाच्या जवळ जाईल. हे दोन आकडे दिलेच नसतील तर त्यांना माहीत नाहीत असं होत नाही, द्यायचे नाहीत एवढंच.

अजून एक फसगत होते ती टोटल लोहाची. लॅबच्या रासायनिक तपासणीत 32 टक्के लोह दिसतं पण त्यातलं सगळं मॅग्नेटाइटमधे नसतं, काही लोह सिलिकेटमधे, कार्बोनेटमधे असतं, काही वरच्या थरात हवा-पाण्याने ऑक्सिडाइज होऊन हेमॅटाइट झालेलं असतं, ते साध्या कमी ताकदीच्या चुंबकाला चिकटत नाही, सरळ टेलिंग्जमधे, म्हणजे टाकून द्यायच्या गाळात जातं. आणि प्लांट सुरू होतो तेव्हा खाण नेमकी त्या वरच्या खराब थरातच असते. पहिली दोन वर्षं रिकव्हरी का येत नाही म्हणून जे रडगाणं चालतं त्यातलं बरंचसं इथलं.

चांगली बाजू पण खरी आहे. मॅग्नेटाइट कॉन्सन्ट्रेट 65 ते 70 टक्क्यांचं, फॉस्फरस आणि अ‍ॅल्युमिना बहुधा कमी. पेलेट, म्हणजे कॉन्सन्ट्रेटच्या गोळ्या, भाजताना मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट होतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पेलेट प्लांटला इंधन बरंच कमी लागतं. ब्लास्ट फर्नेसमधे जास्त ग्रेड म्हणजे कोक कमी, स्लॅग (वितळलेली मळी) कमी. आणि कोळशाशिवाय गॅस किंवा हायड्रोजनवर स्पंज आयर्न (न वितळवता बनवलेलं लोह) बनवायचं असेल तर त्याच्या उभ्या भट्टीला, शाफ्ट फर्नेसला, साधारण 67 टक्क्यांच्या वरचं, सिलिका आणि अ‍ॅल्युमिना मिळून तीनएक टक्क्यांच्या आत असलेलं पेलेट लागतं. असा माल जगात कमी आहे, आणि तो दळून बनवायला मॅग्नेटाइट हा सगळ्यात सरळ मार्ग. ग्रीन स्टीलवाल्या स्लाइडमधलं एवढं बरोबर.

चूक कुठे होते, तर त्या गरजेला कायमचा प्रीमियम समजण्यात. 65 टक्के लोहाच्या मालाचा बाजारभाव (इंडेक्स) आणि 62 टक्क्यांच्या मालाचा, यातला फरक 2021 मधे टनाला 35 डॉलरच्याही वर गेला होता, नंतर बराच काळ तो 10 ते 20 मधे घुटमळत राहिला. हा फरक पर्यावरणाच्या प्रेमाने हलत नाही, चिनी मिल्सच्या मार्जिनने हलतो. मिल नफ्यात असली आणि कोक महाग असला की त्यांना प्रत्येक भट्टीतून जास्त पोलाद काढायचं असतं, मग चांगला ओर हवा. मिल तोट्यात गेली की स्वस्तातला 58 टक्क्यांचा माल पण चालतो. त्यात आता गिनीमधलं सिमांडू 2025 च्या शेवटी सुरू झालंय, 65 टक्क्यांच्या आसपासचं हेमॅटाइट, दळायची गरज नाही, पूर्ण क्षमतेला वर्षाला 120 दशलक्ष टन. हाय ग्रेड प्रीमियमवर जगणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टचं एक्सेल शीट सिमांडू धरून परत चालवलंय का, हे मी पहिल्या मीटिंगमधेच विचारतो.

आकडे मांडून बघू, हे माझे उदाहरणापुरते, कुठल्या कंपनीचे नाहीत. वर्षाला 10 दशलक्ष टनांचा प्लांट, कॅपेक्स (बांधायचा खर्च) 2 अब्ज डॉलर. 62 चा भाव टनाला 100 डॉलर, वर प्रीमियम 15, हातात 115. जहाजाचं भाडं 10, रॉयल्टी 6, खाण आणि प्लांटचा खर्च 60, दरवर्षीचा दुरुस्ती-बदलीचा खर्च 5. उरले 34, म्हणजे वर्षाला 340 दशलक्ष, 2 अब्जावर बरं दिसतं. आता भाव फक्त 20 ने पाडा, उरले 14, म्हणजे 140 दशलक्ष. आणि कॅपेक्स दीडपट होऊ द्या, 3 अब्ज, त्यातले 2 अब्ज कर्ज, 8 टक्क्याने व्याजच 160 दशलक्ष. खाण चालू, प्लांट चालू, माल जातोय, आणि व्याजही निघत नाही. यात काही टोकाचं धरलेलं नाही बरं का, 62 चा भाव 2011 मधे 190 च्या आसपास होता, 2015 च्या शेवटी 40 च्या खाली गेला, 2021 च्या मे मधे 230 च्या वर आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 90 च्या खाली. 20 डॉलर म्हणजे काहीच नाही.

आणि कॅपेक्स दीडपट होणं तर मॅग्नेटाइटमधे जणू नियमच. सिनो आयर्नची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. चीनच्या सिटिक गटातल्या सिटिक पॅसिफिकने 2006 मधे पश्चिम ऑस्ट्रेलियात केप प्रेस्टनजवळ ऑस्ट्रेलियन उद्योजक क्लाइव्ह पामर यांच्या मिनरॉलॉजी कंपनीकडून अब्जावधी टन मॅग्नेटाइट काढायचे हक्क घेतले, सुरुवातीचं बजेट अडीच अब्ज अमेरिकन डॉलरच्या आसपास, प्रत्यक्षात खर्च 10 अब्जांच्या पुढे गेला. पहिलं जहाज 2013 च्या डिसेंबरात, ठरल्यापेक्षा कित्येक वर्षं उशिरा. तिथे स्वतःचं साडेचारशे मेगावॅटचं गॅसवरचं पॉवर स्टेशन बांधावं लागलं, समुद्राचं पाणी गोडं करायचा वर्षाला 51 अब्ज लिटरचा प्लांट बांधावा लागला, बंदर बांधावं लागलं, आणि हे सगळं मायनिंग बूममधल्या मजुरीच्या दराने. त्याआधी 2008 मधे याच प्रोजेक्टच्या ऑस्ट्रेलियन डॉलरमधल्या खर्चासाठी म्हणून केलेल्या चलनाच्या सौद्यांत कंपनीला 2 अब्ज अमेरिकन डॉलरच्या आसपास फटका बसला होता, एक टन दगड दळायच्या आधीच. रॉयल्टीचा तर वेगळाच तमाशा, करारातला फॉर्म्युला वार्षिक बेंचमार्क भावाला, म्हणजे मोठ्या खाणी आणि मिल्स वर्षाला एकदा ठरवायच्या त्या भावाला बांधलेला, ती बेंचमार्क पद्धतच 2010 मधे बंद पडली, मग किती द्यायचे यावरून कोर्टबाजी, 2017 मधे निकाल मिनरॉलॉजीच्या बाजूने. पुढे टेलिंग्ज आणि वेस्टसाठी जागा वाढवून द्यायची की नाही यावरून पण भांडण. म्हणून म्हणतो, जमिनीचा हक्क कोणाच्या नावावर आहे आणि गाळ टाकायची जागा पूर्ण आयुष्याची आहे का, हे कंटाळवाणे कागद आधी वाचा.

कारारा या मॅग्नेटाइट प्रोजेक्टचं पण तसंच, त्याच राज्यात, भागीदार ऑस्ट्रेलियन गिंडालबी आणि चीनची पोलाद कंपनी अ‍ॅनस्टील. 2 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत होणार होतं ते 3 अब्जांच्या पुढे गेलं, 2013 मधे सुरू झालं, प्लांट चालतो, माल जातो, पण गिंडालबीच्या भागधारकांचं काय झालं तर 2019 मधे अ‍ॅनस्टीलने काही सेंटांना एक शेअर या भावाने कंपनी घेतली. ऑस्ट्रेलियाच्या फोर्टेस्क्यूला वाटलं आपल्याला पिलबारा (तिथला लोहखनिजाचा पट्टा) पाठ आहे, आयर्न ब्रिज हा मॅग्नेटाइट प्रोजेक्ट 2019 मधे 2.6 अब्ज अमेरिकन डॉलरला मंजूर केला, 3.9 वर जाऊन थांबला, पहिलं कॉन्सन्ट्रेट 2023 मधे, पाण्याच्या पाइपलाइनचा मोठा भाग बदलावा लागला, आणि 22 दशलक्ष टनांची क्षमता असताना सुरू झाल्यावर दोन वर्षांनी पण निम्म्यापर्यंत पोचला नव्हता. आणि ही जगातली सगळ्यात चपळ लोहखनिज कंपनी, तिच्याकडे हेमॅटाइटचा पैसा आहे म्हणून हे झेपलं. 3 कोटी डॉलरच्या कंपनीकडे काय आहे? तुलनेला म्हणून सांगतो, बीएचपीचं साउथ फ्लँक हेमॅटाइट, वर्षाला 80 दशलक्ष टन, 3.6 अब्जांत झालं. त्याला जवळच रेल्वे आणि आधीच्या खाणींचा आधार होता हे खरं, पण वार्षिक टनामागे 45 डॉलर कुठे आणि आयर्न ब्रिजचे जवळपास 177 कुठे.

मग कोणीच कमवत नाही का, कमवतात की. माझा अनुभव आणि इतिहास दोन्ही एकच सांगतात, ज्याने प्लांट बांधला त्याने क्वचित, ज्याने बांधलेला प्लांट पडेल भावाने घेतला त्याने बऱ्याचदा. सगळ्यात बोलकं उदाहरण क्विबेकमधलं ब्लूम लेक, ते मुख्यतः हेमॅटाइट पण धंदा तोच, गरीब दगड दळून 66 टक्क्यांचं कॉन्सन्ट्रेट. अमेरिकेच्या क्लिफ्स कंपनीने 2011 मधे ते असलेली कंपनी 4.9 अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतली, भाव पडल्यावर 2014 च्या शेवटी बंद केलं, आणि 2016 मधे चॅम्पियन या दुसऱ्या कंपनीने ते सुमारे 1 कोटी डॉलर रोख आणि काही देणी अंगावर घेऊन उचललं, 2018 मधे परत चालू केलं. तोच डोंगर, तीच मशिनरी, फक्त आधीच्या मालकाचं भांडवल बुडालेलं. टास्मानियातली सॅव्हेज रिव्हर 1967 पासून चालतेय, 80 किलोमीटरहून लांब स्लरी पाइपलाइन (पाण्यात मिसळलेलं कॉन्सन्ट्रेट वाहून नेणारी), स्वतःचा पेलेट प्लांट, मालक बदलत गेले, आता ग्रेंज रिसोर्सेस, भाव चांगला असला की नफा छान, नसला की शांत. स्वीडनच्या किरुनासारखं मॅग्नेटाइट तर जमिनीतूनच 60 च्या वर निघतं, पण ती कंपनी, एलकेएबी, सरकारची आहे, शेअर मिळणार नाही. फेरेक्सपोचा मिळतो, लंडनला लिस्टेड, युक्रेनमधे उत्तम पेलेट बनवणारी कंपनी, आणि 2022 नंतर युद्धाने बंदर, वीज, माणसं सगळ्यावर काय परिणाम केला ते तिच्या चार्टवर दिसतंच.

देशाची जोखीम म्हटली की मला कुद्रेमुख आठवतं. शहाच्या काळातल्या इराणने पैसे द्यायचे आणि मालही त्यांनीच घ्यायचा या भरवशावर कर्नाटकात खाण, प्लांट आणि मंगळूरपर्यंत 67 किलोमीटरची स्लरी पाइपलाइन बांधायला घेतली, आणि 1979 मधे इराणमधे क्रांती झाली, पैसेही थांबले आणि गिऱ्हाईकही गेलं. भारत सरकारने उरलेलं पुरं केलं, विकायला सोपं जावं म्हणून पुढे मंगळूरला पेलेट प्लांट टाकला. आणि खाण जंगलात असल्यामुळे सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने 2005 च्या शेवटी बंद, दगड शिल्लक असताना. एकच गिऱ्हाईक आणि राखीव जंगल, या दोन गोष्टी कुठल्याही देशात दिसल्या तरी मी पान उलटतो.

गाळाचं पण बघाच. सामार्कोचा डॅम 2015 मधे फुटला, 19 माणसं गेली, ब्रुमाजिन्योचा 2019 मधे, 270, दोन्ही ब्राझीलमधे, दोन्ही हेमॅटाइटवाल्या खाणींचे टेलिंग्ज डॅम, पण मॅग्नेटाइटचा गाळ जास्त बारीक, म्हणजे पाणी सोडायला अजून हट्टी. आता बँका आणि विमावाले ओल्या डॅमला सहजासहजी हो म्हणत नाहीत, गाळ फिल्टर करून कोरडा रचायला सांगतात, आणि फिल्टर प्लांटचा खर्च 2019 च्या आधीच्या जुन्या स्टडीमधे, म्हणजे प्रोजेक्टच्या तपासणी-अहवालात, नसतोच. शिवाय काही ठेवींत दगडातच अ‍ॅस्बेस्टॉससारखे तंतू असतात, अमेरिकेत मिनेसोटातल्या सिल्व्हर बे इथे रिझर्व्ह मायनिंग कंपनीने लेक सुपीरियरमधे टेलिंग्ज सोडल्यावर 1970 च्या दशकात यावरूनच मोठा खटला झाला आणि 1980 पर्यंत गाळ जमिनीवर न्यावा लागला.

तर तुमच्या त्या कंपनीसाठी सरळ सांगायचं तर, 2 अब्ज डॉलरचा प्रोजेक्ट ती स्वतः बांधणार नाही, बांधूच शकत नाही. ती मोठ्या पोलाद कंपनीला भागीदार म्हणून आणणार, प्रोजेक्टचा मोठा हिस्सा त्यांना जाणार, उरलेल्यासाठी परत परत नवे शेअर छापणार. लोहखनिजाचा भाव उसळला की असे शेअर दोन-तीन पट होतात, हे खरंय, पण तो भावावर लावलेला सट्टा, खाणीतली गुंतवणूक नाही. सट्टाच खेळायचा असेल तर सट्टा म्हणून खेळा, बुडाले तरी झोप लागेल एवढेच पैसे लावा, आणि भाव उसळलेला असताना विका, स्टडीचा पुढचा टप्पा येईपर्यंत थांबू नका, कारण कॅपेक्सचा खरा आकडा त्या टप्प्यातच बाहेर येतो. गुंतवणूकच करायची असेल तर चालू प्लांटवाल्याचा शेअर, कर्ज कमी असलेला, भाव 80-90 ला पडलेला असताना.

राहिलं व्हॅनेडियम. व्हॅनेडियम आणि टायटॅनियम असलेलं टायटॅनोमॅग्नेटाइट हा वेगळाच प्राणी आहे, त्यात टायटॅनियम मॅग्नेटाइटच्या स्फटिकाच्या आतच बसलेलं असतं, कितीही दळा चुंबकाने वेगळं होत नाही, त्यामुळे लोहाचा ग्रेडही 55-60 च्या आसपास अडकतो आणि साध्या ब्लास्ट फर्नेसला तो माल थोडासाच मिसळून चालतो, जास्त झाला की स्लॅग घट्ट होतो. चीनमधे पांझिहुआ, रशियात कचकनार, न्यूझीलंडमधे ग्लेनब्रूक, यांनी त्यासाठी स्वतःची पद्धत बसवलीय आणि बाहेरून असला माल घ्यायची त्यांना फारशी गरज नाही. दक्षिण आफ्रिकेतला हायव्हेल्ड हा असाच जुना पोलाद कारखाना 2015 मधे दिवाळखोरीत गेला. आणि व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा भाव 2018 च्या शेवटी एक पाउंड वजनाला 30 डॉलरच्या जवळ होता, वर्षभरात 6 च्या आसपास आला. तेव्हा त्या कंपनीचा दगड टायटॅनोमॅग्नेटाइट असेल तर 68 टक्के कॉन्सन्ट्रेट आणि व्हॅनेडियम या दोन गोष्टी एकाच प्रेझेंटेशनमधे कशा काय बसल्या, हे त्यांनाच ईमेल करून विचारा, आणि उत्तरात टायटॅनियमची टक्केवारी येते का ते बघा.